फियाटचा टाक

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची, चंपाषष्ठी होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची. साल पक्कं सांगता येतं, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये फियाटच्या कागदांची मुदत संपली, जूनमध्ये म्हाताऱ्या मल्हाररावांच्या हातून गाडी धडकून घरासमोरचं फाटक पडलं आणि दिवाळीनंतर पालिकेची नोटीस आली. शहराचं नाव बदलूनही तेव्हा बरेच महिने झाले होते. गाडीच्या पुस्तकात औरंगाबाद होतं, नव्या अर्जावर छत्रपती संभाजीनगर होतं, आणि गाडीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पैठण रस्त्याला नुसती सोडली तरी ती आपली आपण गावाकडं, चितेगावला जाऊन वाड्यामागच्या चिंचेखाली उभी राहील, अशी मल्हाररावांच्या बायकोची, वच्छलाबाईंची, खात्री होती.

नोटिशीत लिहिलं होतं की रस्त्यावर उभं असलेलं बेवारस वाहन तात्काळ हलवावं. त्यातल्या 'बेवारस' या शब्दानं मल्हाररावांचा दोन दिवस घास अडला.

"घरात पाच माणसं जित्ती हायेत," ते म्हणाले, "आन् म्हनं बेवारस. वारस म्हंजी अजून कसा असतो?"

"आप्पा, कागद नसलेली गाडी बेवारसच," शिवशंकर म्हणाला. शिवशंकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वाळूजच्या एका कारखान्यात तो तयार मालातले दोष शोधायच्या कामावर होता. दिवसभर कोऱ्या करकरीत वस्तूंतली खोट काढणाऱ्या माणसाला घरी आल्यावर बावन्न वर्षांच्या गाडीत गुण दिसावेत, ही अपेक्षाच चुकीची होती. त्यानं भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

मोडता घातला तो प्रांजलीनं, त्याच्या मुलीनं. कॉलेजात जाणाऱ्या या पोरीनं फोनवर शोधून काढलं की पन्नास वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांची वेगळी नोंद होते. शिवाय जालना रोडवरच्या एका लॉन्सवर जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा मेळा भरणार होता, आणि त्यांनी त्याच रविवारी तपासणीसाठी परिवहन खात्याच्या अधिकारी बाई बोलावल्या होत्या. गाडी न्यायची, दाखवायची, जमलं तर तिथंच नोंदीचा अर्ज पुढं सरकणार.

शिवशंकर म्हणाला, "एक रविवार देतो. पास झाली तर राहील. नाहीतर सोमवारी सकाळी भंगारवाला येईल, आणि मग कुणी बोलायचं नाही."

मल्हारराव उठले, बाहेर गेले आणि फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवून आले. मेंढराची पाठ चाचपावी तसा हात. तो त्यांच्या वडिलांचा हात होता. वडील जन्मभर चितेगावच्या माळावर मेंढरं वळत होते. मुलगा चाकाच्या नादी लागला आणि शहरात एका डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर राहिला. त्र्याऐंशी साली डॉक्टरसाहेब कायमचे पुण्याला निघाले, तेव्हा त्यांनी ही पांढरी फियाट परक्याला न देता मल्हाररावांच्या हवाली केली.

गाडी पहिल्यांदा चितेगावला आली तो दिवस वच्छलाबाईंना काल असल्यासारखा आठवतो. सासूबाई दारात तेलात कालवलेल्या भंडाऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चाकांना भंडारा लावला, काचेला लावला आणि म्हणाल्या, "आतलं दाव." मल्हाररावांनी बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या भिंतीवर एक चकचकीत पत्र्याची पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर काहीबाही अक्षरं उठवलेली होती. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पण देवघरात खंडोबाचा टाक होता, पितरांचे टाक होते, आणि पत्र्यावर काही उठवलेलं असलं की तो देव, एवढं त्यांना चोख ठाऊक होतं.

"बग," त्या वच्छलाबाईंना म्हणाल्या, "गाडीलाबी टाक असतो." आणि त्यांनी त्या पट्टीला अंगठ्यानं भंडारा लावला.

तेव्हापासून दर चंपाषष्ठीला आणि दसऱ्याला फियाटच्या टाकाला भंडारा लागत आला. आधी सासूबाईंच्या हातचा, त्या गेल्यावर वच्छलाबाईंच्या. मल्हाररावांनी यात कधी लक्ष घातलं नाही. बॉनेटखालचं इंजिन त्यांचं आणि देव बायकांचा, अशी त्या घरात वाटणी होती.

मेळ्याच्या आदल्या दिवशी समोरच्या घरातले बिभीषणकाका सल्ला द्यायला आले. ते एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले होते. तिथं ते पास विभागात होते, गाड्यांशी त्यांचा संबंध खिडकीतून दिसण्यापुरता. पण डेपो तो डेपो. ते म्हणाले की टायरला बुटाचं पॉलिश लावा, कोरे दिसतात. आणि पांढऱ्या रंगावर खोबरेल तेलाचा हात मारा, असा उजाळा येतो की परीक्षकाचे डोळे दिपतील.

"काका, तेलावर धूळ बसेल," सरिता म्हणाली. ही सून. घरात एवढंच एक माणूस परिणामांचा विचार आधी करत असे, आणि म्हणून तिचं कुणी ऐकत नसे.

"डिसेंबरात कुठली धूळ, सूनबाई," बिभीषणकाका म्हणाले.

मल्हाररावांनी घरातली खोबरेलाची बाटली रिकामी केली. संध्याकाळच्या उन्हात फियाट नुकत्याच न्हायलेल्या बाळासारखी चमकत होती. गल्लीतल्या दोन कुत्र्यांनी येऊन तिचा वास घेतला. मल्हाररावांना ते कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी वच्छलाबाईंनी धपाटे, दही, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. पुढच्या बंपरला ताजं लिंबू आणि मिरच्या बांधल्या. मल्हाररावांनी धुतलेलं धोतर, सदरा आणि लाल फेटा घातला, वच्छलाबाईंनी हिरवं इरकल नेसलं. फाटक पडल्यापासून मल्हाररावांना गाडी चालवायला बंदी होती, म्हणून शिवशंकर चालवायला बसला आणि ते त्याच्या शेजारी. मागं तिन्ही बायका. बिभीषणकाका निरोप द्यायला आले होते, ते दार उघडून आत बसले. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गाडीत दोन चालक होते, एक हातानं चालवणारा आणि एक पायानं. शिवशंकरनं ब्रेक दाबायच्या आधी मल्हाररावांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला असे.

"आप्पा, तिथं ब्रेक नाही."

"म्हून तर दाबायलोय. तुझ्याकडं असून तू दाबत नाय."

सेव्हन हिलच्या पुलाच्या चढाला गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. शिवशंकर, सरिता आणि प्रांजली खाली उतरून ढकलू लागले. बिभीषणकाकाही उतरले आणि 'जोर लावा' म्हणू लागले. मल्हारराव मात्र हलले नाहीत. चालकाची जागा गेलेल्या माणसानं ढकलायलाही उतरावं, हे त्यांच्या मनाला पटेना. शेवटी वच्छलाबाई मागून म्हणाल्या, "अहो, निदान त्या जागंवर सरका. शिवा ढकलतोय तवर हात तरी धरा चाकाला." ते सरकले. क्लच कधी सोडायचा हे त्यांच्या पायाला पाठ होतं. तिसऱ्या धक्क्याला इंजिन धडधडलं आणि फियाट निघाली. त्यांना थांबवेपर्यंत ती पुलाच्या पलीकडच्या टोकाला होती. मागचे सगळे पळत आले. मल्हारराव परत डाव्या बाजूला सरकले, पण पुढचा रस्ताभर त्यांच्या पायानं समोरचा पत्रा दाबला नाही.

लॉन्सच्या फाटकाशी पोचेपर्यंत सरिताचं म्हणणं खरं झालं होतं. जालना रोडची सगळी धूळ खोबरेलावर बसली होती आणि पांढरी फियाट चहाच्या रंगाची दिसत होती. दारावरच्या स्वयंसेवकानं आधी गाडीकडं, मग फेट्याकडं, मग वच्छलाबाईंच्या मांडीवरच्या डब्यांकडं पाहिलं.

"चाचा, केटरिंगवालों का गेट पिछे से है."

मल्हाररावांनी काच खाली करायला घेतली. ती निम्म्यावर अडकते, त्यामुळं त्यांना अपमानही निम्म्या काचेतूनच परतवावा लागला. "आम्ही गाडीवालं हाव," ते म्हणाले.

आत साठेक गाड्या ओळीनं लावल्या होत्या. लाल, निळ्या, सोनेरी कडांच्या. एकीवर तर पितळी भोंगा होता. प्रत्येकीभोवती दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. मालक टोप्या घालून शेजारी उभे. वच्छलाबाई सगळ्या ओळीतून एकदा हिंडून आल्या आणि त्यांना कसंतरी वाटलं. या गाड्यांमध्ये कधी कुणी ओकलं नव्हतं. कुणी आडव्या पावसात ओली कोकरं मागच्या सीटवर घातली नव्हती. सीट इतक्या कोऱ्या की त्यांवर कधी कुणी रडलं असेल असंही वाटत नव्हतं. त्यांच्या फियाटमध्ये तर एका पोळ्याला चितेगावहून घाटी दवाखान्यापर्यंत अडलेली बाई नेली होती. पोरगी गाडीतच झाली आणि पुढं मल्हारराव त्या पोरीच्या लग्नात मानाचं टोपी-टॉवेल घेऊन आले.

इकडं मल्हाररावांनी दोऱ्या ओलांडून एकेका गाडीच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली होती. तीन मालकांनी त्यांना हटकलं. चौथ्यानं विचारलं, "बाबा, काय बघताय?"

"अंगात किती हाय त्ये बगतो," मल्हारराव म्हणाले. "रंग लई हाय. अंग कमी हाय."

दुपारी मंडळी फियाटशेजारी सतरंजी टाकून जेवायला बसली. बसतात न बसतात तोच फोटो काढणारे जमले. कुणी ठेच्याचा फोटो काढला, कुणी धपाट्याचा. एका बाईंनी विचारलं, "ही कल्पना कुणाची? गावाकडचं कुटुंब, जुनी गाडी, धूळसुद्धा किती खरी वाटते."

"धूळ खरीच आहे," सरिता म्हणाली.

एका फोटोवाल्यानं मल्हाररावांना फेटा जरा कपाळावर घ्यायला सांगितलं. मल्हाररावांनी हातातला घास ताटात ठेवला. "पावनं, हा मी माझ्या डोक्यासाठी बांधलाय. तुमच्या फोटूसाठी नाय."

हे चालू असतानाच तपासणीच्या बाई आल्या. मेघा मॅडम म्हणत होते त्यांना. वय तिशीच्या आतबाहेर, हातात कागदांची फाईल, कानामागं शिसपेन्सिल. त्यांनी पुस्तक पाहिलं, दिवे पाहिले, सीट दाबून पाहिल्या. शिवशंकर ज्या ज्या गोष्टीला लाजत होता, त्या त्या गोष्टीपुढं त्या 'मूळचं' असं लिहीत गेल्या. निम्म्यावर अडकणारी काचसुद्धा मूळची निघाली. प्रांजलीचा चेहरा उजळला.

"आता फक्त चॅसी नंबर," मॅडम म्हणाल्या. "पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, छाप घ्यायचा, पुस्तकाशी ताडायचा. झालं."

बॉनेट उघडलं. सगळे वाकले. मॅडम बराच वेळ वाकून राहिल्या.

"पट्टी कुठंय?"

इंजिनामागच्या भिंतीवर बोटभर जाडीचा, हळदीच्या ढेपेसारखा एक पिवळाकाळा थर होता. त्याच्या वर आठ दिवसांपूर्वीचा ताजा अंगठा.

"तो टाक हाय," मल्हारराव म्हणाले.

मॅडमना ते सांगण्यात दहा मिनिटं गेली. बिभीषणकाकांनी मध्येमध्ये सुधारणा केल्यामुळं पंधरा. सगळं ऐकून झाल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "आजोबा, मला समजलं. पण नंबर दिसल्याशिवाय मी सही करू शकत नाही. सगळं आहे, आणि एवढ्यासाठी गाडी नापास होईल."

शिवशंकरनं खिशातून पेचकस काढला आणि थराला टेकवला. मल्हाररावांनी त्याचं मनगट धरलं.

"हात काढ."

"आप्पा, हा देव नाही. कंपनीचा नंबर आहे."

"असंल. माझ्या मायच्या अंगठ्याचा भंडारा हाय त्यो. त्याला लोखंड लावायचं नाय."

"मग उद्या भंगारवाला अख्ख्या गाडीला लोखंड लावेल. ते चालेल?"

मल्हाररावांना मनगट सोडवेना. बिभीषणकाका म्हणाले, रॉकेल टाका, सुटतंय. कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. गर्दीतला फोटोवाला कॅमेरा वर उचलू लागला होता, त्यानं तो आपणच खाली घेतला.

वच्छलाबाई इतका वेळ त्या थराकडं पाहत होत्या. तो त्यांना कडेनं वाचता येत होता. सगळ्यात खाली सासूबाई, अकरा वर्षं. मग सासूबाई गेल्या ते सुतकाचं साल, त्या साली काही लावलं नव्हतं. मग त्यांचे स्वतःचे अंगठे, शिवाची दहावी, शिवाचं लग्न, प्रांजलीचं बारसं. आणि एक गोष्ट त्यांनी तेहतीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. एक्क्याण्णव साली नवाबपुऱ्यातले खाजामिस्त्री गाडी दुरुस्त करताना म्हणाले होते, "भाभी, ये तो कंपनी का नंबर है. इसको कायकू तेल पिलाते?" सासूबाई तेव्हा मागच्या सीटवर बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी हळूच विचारलं, "पुसू का मग?" खाजामिस्त्रींनी मागं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "नक्को. अम्मा को बुरा लगेगा." पुढं सासूबाई गेल्या, खाजामिस्त्रीही गेले. देव नाही हे माहीत असूनही वच्छलाबाईंचा अंगठा कधी थांबला नाही. का थांबला नाही, याचा विचार करायला त्यांना आजपर्यंत कुणी वेळ दिला नव्हता.

"शिवा, त्ये ठिव खाली," त्या म्हणाल्या. "आन् तुमीबी सोडा त्याचा हात. टाक उजळायचे असतात की नाय?"

मल्हारराव वळले.

"घरातले टाक आपण सोनाराकडं उजळायला नेतो का नाय? चिंच लावतो, लिंबू लावतो, मग परत देवघरात मांडतो. देव जातो का त्यानं? ह्या टाकाला एक्केचाळीस वर्सांत एकदाबी उजाळा दिला नाय. चूक आपलीच हाय."

मल्हाररावांनी मनगट सोडलं.

वच्छलाबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला. गाडीच्या कप्प्यात पूजेच्या तेलाची बाटली असायचीच. ते तेल त्यांनी थरावर चोळलं आणि भिजू दिलं. प्रांजलीला बंपरचं लिंबू सोडून आणायला सांगितलं. मिरच्या सरितानं ठेच्याच्या डब्यात टाकल्या. तिनंच धपाट्यांच्या डब्याचं झाकण खाली धरलं, कारण त्यातला कणही जमिनीवर पडू द्यायचा नव्हता. मग अंगठ्यानंच, जसा लावला तसा, त्या तो थर हळूहळू सोडवू लागल्या. मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. जेवायला चला म्हणून त्यांना दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं," आणि झाकण स्वतःच्या हातात धरलं.

पाऊण तास लागला. शेवटी लिंबाची फोड फिरवली आणि पदरानं पुसलं. पट्टी अशी निघाली की बघणारे दोन पावलं पुढं आले. एकेक अक्षर धारदार, एकेक आकडा उभा. मॅडमनी कागद टेकवून पेन्सिल घासली. पहिल्याच हाताला छाप उमटला. पुस्तकाशी ताडला.

"सकाळपासून अकरा गाड्या पाहिल्या," त्या म्हणाल्या. "कुणाचा नंबर गंजानं खाल्लाय, कुणाची पट्टी नवी ठोकलीय. इतका कोरा नंबर एकाचाही नाही." मग सही करता करता थांबून त्यांनी विचारलं, "कोणतं तेल लावत होतात?"

"करडीचं," वच्छलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी बक्षिसं झाली. गाडीला काही मिळालं नाही. परीक्षकांच्या मते ती अस्वच्छ होती. पण उत्कृष्ट पारंपरिक वेशभूषेचं पहिलं बक्षीस श्री. व सौ. मल्हारराव यांना जाहीर झालं. मल्हारराव जागचे उठले नाहीत. "वेश कुणी केलाय?" एवढंच म्हणाले. वच्छलाबाई गेल्या आणि बक्षिसाचा थर्मास घेतला. दोन शब्द बोला म्हणून कुणीतरी माइक पुढं केला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी दोरीवर वाळत घातलंय त्येबी असंच हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषणही वेशातलंच.

घरी परतताना शिवशंकर पुलाच्या अलीकडं थांबला, उतरला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला. रविवारची संध्याकाळ होती, रस्ता मोकळा होता. मल्हारराव ताशी वीसच्या वेगानं घरापर्यंत आले. वाटेत दोनदा शिवशंकरचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला, तो सगळ्यांनी पाहिला.

आता सगळ्यांचं काय झालं ते सांगते. मेघा मॅडमची पुढं लातूरला बदली झाली. जाण्याआधी त्या चहाला येऊन गेल्या. चहा थर्मासमधला होता. सरितानं तो रोजच्या वापराला काढला होता, बक्षिसाची वस्तू कपाटात ठेवणं तिला पटत नाही. बिभीषणकाका आता गल्लीत जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणून ओळखले जातात आणि सगळ्यांना करडीचं तेल सुचवतात. शिवशंकरनं भंगारवाल्याचा नंबर फोनमधून काढला की नाही माहीत नाही, पण कारखान्यात तो पट्टीचा फोटो लोकांना दाखवतो, असं प्रांजली सांगते. प्रांजली फियाटवरच गाडी शिकली. मात्र त्या नोंदीबरोबर एक नियमही आला होता, गाडी रोजच्या कामाला काढायची नाही, मेळ्याला किंवा दुरुस्तीला तेवढी न्यायची. "म्हंजी माझ्यासारखीच पेन्शनवर," असं म्हणून मल्हाररावांनी तो नियम मान्य केला. आता सगळं घर वर्षातून दोन-तीन मेळ्यांना जातं. मल्हारराव डावीकडं बसतात, फेटा बांधतात आणि बक्षीस जाहीर व्हायच्या आत निघतात.

डब्याच्या झाकणातला भंडारा वच्छलाबाईंनी एका पितळी डबीत भरून देवघरात ठेवला. पुढच्या चंपाषष्ठीला नवा भंडारा तेलात कालवताना त्यांनी त्यातला चिमूटभर जुना मिसळला. बॉनेट उघडलं. पट्टी चकचकीत, एकेक आकडा उभा. प्रांजली वाटी धरून शेजारी होती.

"आज्जी, आता लावायचा का? नंबर झाकला जाईल."

"दहा वर्सांनी परत तपासणी हाय म्हनत होती ना ती पोरगी?"

"हो."

"मग तवर झाकू दे," वच्छलाबाई म्हणाल्या आणि वाटी तिच्याकडं सरकवली. "तू लाव. उजळायला त्या वक्ताला तूच आसशील."